व्हर्नानं न गायलेलं गाणं

“तिसरा मजला. दरवाजे उघडत आहेत,” व्हर्ना म्हणाली, आणि रसेल ओल्डरॉइडच्या हातातला कागदी पेला तिरका झाला. कॉफी थोडी बोटांवर सांडली, थोडी बुटावर. दरवाजे खरोखरच उघडले. बाहेर एक नर्स रिकामी चाकाची खुर्ची धरून उभी होती. “उतरताय ना?” तिनं विचारलं. रसेलनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. नर्स आत आली, खुर्ची आत आली, दरवाजे मिटले. आता पुन्हा बोलेल का, या विचारानं त्याचे कान ताठ झाले. डोळ्यांचा विभाग चौथ्या मजल्यावर होता, तिथं त्याच्या आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढत होते, आणि त्याला आईपाशीच जायचं होतं. “चौथा मजला,” व्हर्ना म्हणाली. शब्दाच्या शेवटी तो आवाज किंचित खाली उतरला. काठोकाठ भरलेला कप न हिंदकळता टेबलावर ठेवावा तसा तिनं तो शब्द ठेवला. आता शंकेला जागाच उरली नाही. अठरा वर्षांत त्यानं तिला पाहिलं नव्हतं. ती कुठं राहते, काय करते, आहे की नाही, काही म्हणता काही माहीत नव्हतं. आणि आज लीड्समधल्या एका इस्पितळाच्या लिफ्टमध्ये, त्याच्या डोक्यावरच्या बारीक भोकांच्या जाळीतून, ती मजले मोजत होती.

तो उतरलाच नाही. नर्स गेली, दुसरी माणसं आली, गेली. तो वर गेला, खाली गेला, परत वर गेला. तळमजला. पहिला मजला. दरवाजे बंद होत आहेत. आवाज पूर्वीपेक्षा थोडा खाली बसला होता, कडेला किंचित जाडसर झाला होता, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या चादरीसारखा. पण तोच. या आवाजातलं त्याला काय ठाऊक नव्हतं! चार वर्षांत त्यानं तिच्या आवाजाच्या एकसष्ट टेपा भरल्या होत्या, आणि मग एकेक टेप कॉम्प्युटरवर चढवून तिचे तुकडे केले होते. ‘आ’ वेगळा, ‘ऊ’ वेगळा, हसताना फुटलेला ‘न’ वेगळा. त्याची आई कोटांच्या कारखान्यात कापड बेतायची. टेबलावर कापड पसरून ती खडूनं रेघा मारायची, आणि तिच्या नजरेला पुढं कापड दिसायचंच नाही, बाही दिसायची, कॉलर दिसायची, खिसा दिसायचा. रसेलला व्हर्ना तशी ऐकू यायची. अख्खी अशी ती त्यानं शेवटची केव्हा ऐकली होती? लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली तेव्हाही तो हाच विचार करत होता.

ते तिघं होते. कार्लटन मेनार्ड कॉन्ट्राबास वाजवायचा, ते माणसाएवढं उंच लाकडी वाद्य बसमध्ये चढवताना ड्रायव्हरशी रोज वाद घालायचा. व्हर्ना लिबर्ड त्याची मावसबहीण. दोघांचे आईबाप कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरून येऊन लीड्सच्या चॅपलटाउन वस्तीत स्थिरावलेले. आणि रसेल, हेअरहिल्सच्या विटांच्या एकसारख्या घरांमधला, शहराच्या संगीत कॉलेजात जाझ पियानो शिकलेला आणि त्यात नापास नाही पण पासही म्हणता येणार नाही असा. त्याची बोटं चांगली होती. सगळे म्हणायचे. अडचण इतकीच होती की जाझमध्ये दुसऱ्याचं वाजवून होईस्तोवर थांबावं लागतं, आणि तो किती वेळ वाजवील, कुठं वळेल, कुठं सोडून देईल, ते आधी कुणाला सांगता येत नाही. त्या थांबण्यात रसेलच्या तळव्यांना घाम फुटायचा. मग त्याला सॅम्पलर सापडला. करड्या रंगाची ती पेटी आवाजाचा कुठलाही तुकडा गिळायची, आणि बटण दाबलं की तस्सा परत द्यायची. शंभरदा मागा, शंभरदा तोच. कार्लटनच्या बासचे चार सूर त्यानं त्या पेटीत घातले, एका जुन्या ढोलाची थाप घातली, थाप जरा मागं ओढली, आणि आईच्या घरातल्या मागच्या खोलीत असं काहीतरी वाजायला लागलं की इस्त्री करता करता आई दारात येऊन उभी राहिली. “छान आहे रे,” ती म्हणाली, “पण यात कुणी माणूस नाही का?” पुढच्या रविवारी कार्लटन व्हर्नाला घेऊन आला.

बसच्या कपाळावर शेवटच्या थांब्याची पाटी असायची, ‘ओकवुड क्लॉक’. त्याच बसनं व्हर्ना यायची, म्हणून बँडचं नाव ‘ओकवुड क्लॉक’. दुसरं काही सुचलं नाही एवढंच, पण पुढं मासिकांतून लोक त्याचे गहन अर्थ लावायला लागले तेव्हा तिघंही गंभीर चेहऱ्यानं माना डोलवायचे. पहिली रेकॉर्ड पंचाण्णव साली त्या मागच्या खोलीतच झाली. खिडकीला रजई लावलेली. आईनं चहा आणला की तेवढं रेकॉर्डिंग थांबायचं. व्हर्ना डोळे मिटून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत गायची, आणि एकच ओळ दोनदा सारखी म्हणून गायची नाही. चर्चमध्ये वाढलेला गळा तो. जागा मिळाली की तो पसरायचा. रेकॉर्ड निघाली, आणि मग गावोगाव कार्यक्रम, घेंट, कलोन, ग्लासगो, लिस्बन. व्हॅनच्या मागच्या सीटवर बास आडवा, त्याच्यावर डोकं ठेवून झोपलेली व्हर्ना, काचेवरून सरकत जाणारे नारिंगी दिवे. त्या दिवसांचं रसेलला आता चित्र आठवत नसे, ऊब आठवायची. धुक्यातून चालताना एखाद्या घराचं दार उघडावं, आतल्या स्वयंपाकाचा वास यावा, आणि दार लगेच मिटावं, तशी ती वर्षं.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत, दुसरी रेकॉर्ड अर्धी झालेली असताना, ती गेली. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. एका ओळीचे सव्वीस वेगवेगळे प्रकार तिनं गाऊन झाले होते आणि रसेलला त्यातले दोनसुद्धा एकमेकांवर बसवता येईनात. तो वैतागून म्हणाला, “व्हर्ना, तू एकदाच सरळ गा ना. बाकीचं मी बघतो.” “बाकीचं तू बघणार, तर मग मी कशाला?” ती म्हणाली. मग तिनं आपला चहाचा कप खाली नेला, विसळला, पालथा घातला, त्याच्या आईच्या गालाचा मुका घेतला आणि बस पकडली. रसेलला वाटलं, येईल गुरुवारी. गुरुवारी आली नाही. लंडनहून रेकॉर्ड कंपनीचे फोन यायला लागले. आणि एका पांढऱ्या सकाळी, बाहेर सगळी छपरं बर्फानं झाकलेली असताना, त्यानं एकसष्ट टेपा उघडल्या. ‘मी’ सापडला. ‘कुठंच’ सापडलं, एका विनोदाच्या मध्यावर. ‘जात’ आणि ‘नाही’ दोन वेगळ्या वर्षांतून आले. त्यांचे सूर त्यानं वरखाली केले, कडा घासल्या, आणि अकरा दिवसांनी व्हर्ना त्याच्या समोरच्या दोन स्पीकरांतून गाऊ लागली: मी कुठंच जात नाही, मी कुठंच जात नाही. इतकं सुंदर ती कधीच गायली नव्हती. ते ऐकून तो रडला होता. तेच गाणं चाललं. मोटारीच्या जाहिरातीत गेलं, फर्निचरच्या दुकानांत वाजलं, लोकांनी आपल्या लग्नांत लावलं. वेष्टनावर त्यानं आवर्जून छापलं होतं, ‘गायन: व्हर्ना लिबर्ड’. दुसरा कुणी असता तर गाळलं असतं, असं तो स्वतःला पुष्कळदा सांगायचा.

आईला घेऊन खाली यायची वेळ झाली तेव्हा साडेअकरा वाजले होते. उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची पारदर्शक वाटी चिकटवलेली, केस एका बाजूनं विस्कटलेले, आणि हातात रुग्णांना दिलेलं बिस्किट. लिफ्टमध्ये शिरताच त्याची आई, डोरीनबाई, छताकडे बघून म्हणाल्या, “चलते गं बाई आता. झालं माझं.”

“कुणाशी बोलतेस?” रसेलनं विचारलं.

“व्हर्नाशी. दुसरं कोण आहे इथं?”

“दरवाजे बंद होत आहेत,” व्हर्ना म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“अरे राजा, डोळा गेला होता माझा, कान नव्हते गेले. तपासणीला आले होते तेव्हाच ओळखलं. चार वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय त्या पोरीला.” त्यांनी बिस्किटाचा तुकडा मोडून त्याला दिला. “मला वाटलं तुला ठाऊक असेल. म्हटलं, बोलत नाही तर राहू दे.”

कार्लटनला त्यानं दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारातल्या चहाच्या दुकानात गाठलं. बारा वर्षांत ते तीनदा भेटले असतील, तीनही वेळा कुणाच्या तरी अंत्ययात्रेला. कार्लटन आता शाळांमधून मुलांना बास शिकवायचा आणि रविवारी चर्चमध्ये वाजवायचा. दाढी पांढरी झाली होती. बँड त्यानंच मोडला होता, म्हणजे लोक तसं म्हणत. अँटवर्पला दोन हजार माणसांसमोर ते गाणं सुरू झालं, मधोमध माईक उभा, माईकवर उजेडाचा झोत, आणि माईकपाशी कुणीच नाही. व्हर्नाचा आवाज रसेलच्या पेटीतून येत होता. गेली सहा वर्षं ते तसंच करत आले होते. त्या दिवशी कार्लटननं दुसऱ्या कडव्यात बास हळूच जमिनीवर आडवा ठेवला, झोपलेल्या माणसाला ठेवतात तसा, आणि आत निघून गेला. नंतर एवढंच म्हणाला, “भुताच्या साथीला मी बसणार नाही.” रसेलला तेव्हा तो नाटकीपणा वाटला होता.

“ती लिफ्टमध्ये बोलते,” रसेल म्हणाला. बोलल्यावर त्याचं त्यालाच ते वेडगळ वाटलं.

“हो. दोन रेल्वे स्टेशनांवरपण आहे. आणि हल्ल शहरातल्या एका बँकेत, रांगेचे नंबर सांगते.” कार्लटननं पावाला लोणी लावलं. “ब्रिडलिंग्टनला असते. समुद्रापासून दुसऱ्या गल्लीत.”

“केव्हापासून?”

“गेल्यापासून.”

“आणि तुला माहीत होतं.”

“लेका, माझ्या मावशीची मुलगी आहे ती. दर नाताळला माझ्या घरी जेवते. मला माहीत नसणार तर काय तुझ्या त्या पेटीला?”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

कार्लटन खायचा थांबला. रागावलेला दिसला नाही, दमलेला दिसला. “तू विचारलंस कधी?” तो म्हणाला. “एकदा तरी? मी वाट बघत होतो, रसेल. पहिली दोनतीन वर्षं तर रोज. म्हटलं, आज विचारील, उद्या विचारील. तू मला विचारायचास, बासचा आवाज जरा गढूळ येतोय का.”

ब्रिडलिंग्टनची गाडी हल्लहून पुढं सपाट हिरव्या शेतांमधून जाते. बुधवार होता. डब्यात दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा. काचेवर डोकं टेकून रसेल बोलायचं ते मनात रचत होता, आणि रचता रचता वाक्यांचे तुकडे मागंपुढं करत होता. रेकॉर्डला वीस वर्षं व्हायला आली म्हणून कंपनी ती नव्यानं काढणार होती. त्यानं ठरवलं होतं, तिचं नाव वर छापायचं, बँडच्या नावाएवढ्या अक्षरांत. तिला आवडेल. का नाही आवडणार? आकाश आणि शेत यांच्या मधली रेघ पुसट होत चालली होती, आणि कुठून समुद्र सुरू झाला हे कळायच्या आत गाडी थांबली. फलाटावर एक आवाज गाडीची वेळ सांगत होता. तो व्हर्नाचा नव्हता. तरी तो पुरा होईपर्यंत रसेल उभाच राहिला.

तिनं दार उघडलं. करडे, बारीक कापलेले केस, नाकावर चष्मा, अंगात मोठाल्या खिशांचा निळा अंगरखा. त्याच्या डोळ्यांसमोर तिचा आवाजच इतका वेळ होता की तिला चेहराही आहे याचं त्याला क्षणभर नवल वाटलं. “कार्लटननं सांगितलं तू येशील म्हणून,” ती म्हणाली. “बूट काढ. वाळू येते घरात.” खोली लहान, उन्हानं भरलेली. तिनं चहा केला, आल्याच्या केकचा तुकडा त्याच्या पुढं सारला. मजले मोजणारा आवाज तो हाच, पण इथं तो इकडंतिकडं हिंडत होता, मधेच हसत होता, अर्धं वाक्य सोडून किटलीकडे वळत होता. रसेलनं लिफ्टचंच विचारलं.

“ते ना? मजा आली मला,” ती म्हणाली. “एका बुटक्या खोलीत बसवलं त्यांनी. शून्य ते चाळीस सगळे मजले म्हणायला लावले, प्रत्येक तीनदा. मी म्हटलं, चाळीस मजल्यांची इमारत आहे कुठं आपल्याकडे? तर म्हणाले, बाई, उद्या झाली तर. आणि प्रत्येक शब्दापुढं सही घेतली माझी. मला म्हणाले, तुमच्या आवाजातून आम्ही यादीबाहेरचं एक अक्षर जोडणार नाही, हे लिहून देतो.” तिनं चष्मा काढून पुसला. “मी बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले आणि हसत सुटले. लिफ्टवाल्यांना कळलं बघ.”

रसेलनं कप खाली ठेवला. मग त्यानं रचून आणलेलं सगळं भराभर सांगून टाकलं. नवी रेकॉर्ड, मोठी अक्षरं, तिचं नाव. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

“माझ्या आईला तू ओळखायचास,” ती म्हणाली.

“सिस्टर लिबर्ड. हो तर.” चर्चच्या रिवाजाप्रमाणे चॅपलटाउनात सगळे त्यांना सिस्टर लिबर्डच म्हणायचे. रविवारी त्यांची पांढरी टोपी चर्चच्या शेवटच्या बाकावरूनही दिसायची.

“तुझं ते गाणं तिनं घेतलं. अख्ख्या गल्लीला ऐकवलं. मी तिला सांगितलं, आई, मी नाही गायले हे. तर मलाच म्हणते, पोरी, नऊ महिने पोटात वागवलंय तुला, तुझा आवाज मला कळत नाही? मी टेपचं सांगितलं, तुकड्यांचं सांगितलं. तिला वाटलं मी तुमच्यावर रुसलेय म्हणून बोलतेय. रोज फोनवर एकच. गाण्यात म्हणतेस कुठंच जात नाही, आणि राहतेस सत्तर मैलांवर.” बाहेर सीगल पक्ष्यांचा कलकलाट चालला होता. “मग तिची सत्तरी आली. चर्चच्या हॉलमध्ये दोनशे माणसं. बोकडाची करी, भात, रममध्ये भिजवलेला काळा केक, सगळं. आणि तिला एकच भेट हवी होती. मी ते गाणं म्हणायचं.”

“तू म्हटलंस?”

“माझी आई होती ती, रसेल. मी कॅसेट कानाला लावून आठवडाभर या वाळूवरून चालले आणि माझंच गाणं पाठ केलं. सूर बसले, शब्द बसले. पण म्हणता येईना. तिसऱ्या ओळीपाशी हटकून मी बुडायची. वाटलं, वय झालं, गळा गेला. आणि मग एके सकाळी लक्षात आलं, यात श्वासच नाहीयेत. त्या गाण्यातल्या बाईला श्वास घ्यायला तू कुठं जागाच ठेवली नव्हतीस. सगळे कापून टाकले होतेस.”

रसेलला ते आठवत होतं. प्रत्येक ओळीआधी ती नाकातून हवा ओढायची, तिचा बारीक सूं असा आवाज यायचा, आणि तो त्याला डागासारखा खुपायचा. निवडून निवडून काढले होते त्यानं. शेकडो. कॉम्प्युटरवर त्यांचं एक वेगळं खातं केलं होतं, आणि रेकॉर्ड पुरी झाल्यावर ते पुसून टाकलं होतं.

“हॉलमध्ये तेच झालं,” व्हर्ना म्हणाली. “तिसऱ्या ओळीला हवा संपली. मी थांबले. सगळीकडे सामसूम. आणि आई उठून उभी राहिली, रडायला लागली, तिला वाटलं पोरीला भरून आलं. मग सगळेच रडले. टाळ्या काय, मिठ्या काय. मला रडू नव्हतं आलं रे. मला फक्त हवा पुरली नव्हती.” तिनं केकचे कण बोटानं गोळा केले. “दोन वर्षांनी गेली ती. तेच गाणं लावायला सांगून गेली होती. मी शवपेटीपाशी उभी राहून ऐकलं. माझ्या आईला निरोप दिला तो त्या बाईनं, मी नाही.”

आपण क्षमा मागावी असं रसेलला वाटत होतं, आणि तो शब्द तोंडात इतका कोरडा, इतका वापरलेला लागत होता की तो गिळून तो एवढंच म्हणाला, “मी काय करू?”

“नाव काढ माझं.”

“काढू?”

“मोठं नको, बारीक नको. काढून टाक.”

“मग गायन म्हणून काय लिहू? कोण गायलं?”

“कुणीच नाही,” व्हर्ना म्हणाली. “खरं तेच लिही. हे गाणं कुणीही गायलेलं नाही.”

आयुष्यात त्यानं केलेली एकच गोष्ट लोकांच्या लक्षात होती, आणि तिच्यावर ही ओळ छापली की पुढं काय काय होईल ते त्याला स्पष्ट दिसलं. लोक फोन करतील, विचारतील, ज्यांनी लग्नात ते लावलं होतं ते चिडतील. इतकी वर्षं सगळे म्हणत आले होते, काय आवाज आहे, आणि त्यात कुठंतरी त्यानं आपलंही कौतुक ऐकलं होतं. खिशातून त्यानं गाडीचं तिकीट काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिची पेन्सिल घेऊन ते वाक्य लिहिलं. तिनं हात पुढं केला, वाचलं, आणि ‘नाही’खाली एक रेघ मारून परत दिलं.

“चल,” ती घड्याळ बघून उठली. “माझी माणसं आली असतील. गाडीला वेळ आहे ना तुझ्या? मग खुर्च्या मांडायला तरी उपयोगी पड.”

माणसं म्हणजे रस्त्यापलीकडच्या प्रार्थनामंदिराच्या हॉलमध्ये जमलेली चौदा म्हातारी मंडळी. कुणी खाणीत कोळसा खणलेलं, कुणी कापड गिरणीत कस्पटं गिळलेलं, कुणी जन्मभर सिगारेटी ओढलेलं. सगळ्यांच्या फुफ्फुसांत काही ना काही बिघाड. डॉक्टर त्यांना दर बुधवारी व्हर्नाकडे धाडायचे, गायला. गाताना छाती कशी भरायची, हवा कशी पुरवून वापरायची, ते ती शिकवायची. नॉर्मन नावाच्या एका थोराड म्हाताऱ्याच्या नाकात नळी होती आणि खुर्चीशेजारी चाकांवर ऑक्सिजनचं नळकांडं. कोपऱ्यात एक पियानो होता, त्याच्यावर कुंड्या ठेवलेल्या. व्हर्नानं कुंड्या उचलून खिडकीत ठेवल्या. “हे रसेल,” तिनं सांगितलं. “लीड्सचे. आज हे वाजवतील.”

“मी नाही...” रसेल म्हणाला. माणसांबरोबर असा पियानोवर तो वीसेक वर्षांत बसला नव्हता.

“बस,” ती हळू आवाजात म्हणाली. “सोपं आहे. ते थांबतील तिथं थांबायचं. श्वास घेतील. घेऊ द्यायचा.”

गाणं होड्यांचं होतं, त्या किनाऱ्यावरचं, सगळ्यांना लहानपणापासून येणारं. पियानो थोडा उतरलेला होता. रसेलनं सुरुवातीचे सूर दिले आणि चौदा गळे उठले, घोगरे, चिरकलेले, शिट्टी वाजणारे. दुसऱ्या शब्दालाच अर्धे थांबले. रसेलचे हात ठरल्या ठिकाणी पुढं गेले. गाणं मागं राहिलं आणि पियानो एकटाच हॉलच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. कुणीतरी खोकलं.

“काय हो पियानोवाले,” नॉर्मन म्हणाला, एकेक शब्द वेगळा करत, “गाडी... चुकतीये का... तुमची?”

हशा पिकला, हशाचा खोकला झाला, खोकल्यातून पुन्हा हशा. एका बाईनं रसेलला पेपरमिंटची गोळी दिली. “होतं असं पहिल्यांदा,” ती म्हणाली, “मनाला लावून घेऊ नका.” व्हर्ना खिडकीपाशी उभी होती. तिनं काही सांगितलं नाही, बोटानं खूणही केली नाही. फक्त पुन्हा सुरुवात करा म्हणून हनुवटी वर केली.

या वेळी रसेलनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. खांदे वर जायचे, गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या, आणि मग शब्द यायचा. प्रत्येकाचा वेगळा, कुणाचा आधी, कुणाचा नंतर. त्याच्या तळव्यांना घाम सुटला होता. एक ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर नॉर्मन अडला, आणि त्याच्याबरोबर सगळेच थांबले, सवय असल्यासारखे, कुठलीच घाई नसल्यासारखे. त्याची छाती उचलली गेली, घशात हवा कुठंतरी अडखळली, नळकांड्यात बारीक खळखळ झाली. रसेलची बोटं पट्ट्यांवर टेकलेली होती, दाबलेली नव्हती. नॉर्मनचा जबडा थरथरत होता, डोळे समोर कुठंतरी लागले होते, आणि शब्द येणार होता की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. किती वेळ गेला, ते रसेलनं मोजलं नाही.